अंड्याआधी हाड

तलंगांचे, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांचे, तुरे लाल व्हायला लागले की परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना घाई होते आणि लेयर खाद्याचं पोतं घरात येतं. अंड्याचं खाद्य घातलं की अंडी लवकर सुरू होतील, असा सरळ हिशेब असतो. पण पहिलं अंडं कधी येणार हे जात, वय, वजन आणि दिवसाची लांबी यांवर ठरतं. पोत्यातलं जादा कॅल्शियम ते अलीकडे ओढत नाही.

वाढीच्या खाद्यात कॅल्शियम साधारण १ टक्का असतं, लेयरच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के. अंडी न देणाऱ्या पक्ष्याला एवढं कॅल्शियम खर्चायला वाटच नसते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकावं लागतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं की तिथे खडे धरतात, युरेट (युरिक आम्लाचे क्षार) साचतं. तलंग तेव्हा धडधाकट दिसते आणि पुढे ऐन अंडी देण्याच्या दिवसांत मरते. मग कुणाची तरी नजर लागलेली असते! खुराड्यावर लिंबू-मिरची टांगण्यापेक्षा पोत्यावरचं लेबल वाचलेलं बरं.

मिश्र कळपात पेच आणखी वाढतो. ऱ्होड आयलंड रेड ही जात पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते, कडकनाथ आणि गावठी त्यानंतर सवडीने. शिवाय त्याच भांड्यात चोच घालणारे कोंबडे असतात, त्यांना तर हे कॅल्शियम कधीच लागणार नसतं.

आता खरी गंमत. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे दर अंड्याला सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा माल बाहेर जातो. कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे, आणि रात्री कोंबडी खात नाही. मग माल येतो कुठून?

त्याची तजवीज पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीच सुरू झालेली असते. अंडाशयातून इस्ट्रोजेन वाढतं आणि मांडीच्या, पायाच्या पोकळ हाडांत, मज्जेच्या जागी, नव्या हाडाच्या बारीक काड्यांचं जाळं उभं राहतं. याला मज्जास्थी म्हणतात. वजन पेलण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. ही कॅल्शियमची कणगीच आहे, दिवसा भरायची आणि रात्री उपसायची. कोंबड्यात हे हाड नसतं. २००५ साली मेरी श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोंटानात सापडलेल्या टायरॅनोसॉरस रेक्स या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात अशाच ऊतीची नोंद केली. म्हणजे ते धूड अंड्यावर आलेली मादी असावं.

कवचाचा दुसरा घटक, कार्बोनेट, येतो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून. कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर तो वायू आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार करतं. बायकार्बोनेटमधून कार्बोनेट होतं, ते कॅल्शियमला भेटून कवचात बसतं. हायड्रोजन आयन रक्तात परततात आणि रक्त किंचित आम्लतेकडे झुकतं. तिकडे हाड विरघळताना कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही सुटतं, ते मूत्रावाटे टाकावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, तेव्हा तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइडच कमी होतो आणि कवच पातळ पडतं. अशा वेळी नुसत्या कॅल्शियम टॉनिकने काय होणार? सावली आणि गार पाणी द्या.

म्हणून मिश्र कळपाला खाद्य वाढीचंच ठेवावं आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात. कॅल्शियमची भूक कोंबडीला वेगळी कळते. अंड्यावर आलेली कोंबडी, विशेषतः संध्याकाळी, त्या भांड्याकडे वळते. कोंबडे आणि कोवळ्या तलंगा चार दाणे टिपून सोडून देतात. चुरा जाड हवा, कारण मोठे तुकडे पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, पीठ लगेच पुढे सरकतं.

बल्ब लावून दिवस लांबवायची घाईही नको. शरीर भरण्याआधी उजेडाने अंडी सुरू केली तर ती लहान येतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. पहिल्या काही दिवसांत एखादं मऊ, कवचाविना अंडं पडलं, एखादं दोन बलकांचं निघालं, तर तो रोग नव्हे. अंडाशयाची लय अजून बसलेली नसते. महिन्यानंतरही कवच मऊच येत असेल, तर शिंपल्याचं भांडं रिकामं तर नाही ना, ते आधी पाहा.