जुन्या डेस्कटॉप संगणकावरील खेळांची मंदगती

जुन्या डेस्कटॉप संगणकावरील खेळांची मंदगती : साधारणपणे १९९५ ते २००५ या काळातील पेंटियम, सेलेरॉन, के६ किंवा अ‍ॅथलॉन वर्गाच्या संगणकावर त्याच काळातील खेळ अपेक्षेपेक्षा हळू चालणे, अडखळणे किंवा मध्येच थबकणे, या दोषाची कारणे आणि ती शोधण्याची पद्धत. सोलापुरात शाळकरी वयात सायबर कॅफेत किंवा घरच्या असेंबल्ड संगणकावर खेळलेले अनेक जण आता असे संगणक माळ्यावरून उतरवून पुन्हा चालू करतात, आणि पहिल्या दोनचार दिवसांतच ‘सीपीयू स्लो झालाय’ अशी तक्रार घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे जातात. येथे सीपीयू म्हणजे बोलीभाषेत संपूर्ण कॅबिनेट असते. या नोंदीत मात्र कॅबिनेटच्या आत हिशेब करणाऱ्या मुख्य चिपसाठी ‘प्रोसेसर’ हा शब्द वापरला आहे, कारण दोष प्रोसेसरमध्ये आहे की त्याच्या भोवतालच्या एखाद्या भागात, हाच येथे कळीचा प्रश्न आहे.

मंदगती एका प्रकारची नसते, आणि तिचा प्रकार ओळखला म्हणजे निम्मे निदान होते. खेळ पहिल्या क्षणापासून एकसारखा संथ असेल, तर संशय ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड वापरता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम) किंवा प्रोसेसरची कमी लावलेली गती यांवर घ्यावा. खेळ एरवी चांगला चालतो, पण नव्या खोलीत शिरताना किंवा नवा आवाज येताना क्षणभर थबकतो, असे असेल तर हार्डडिस्क, सीडी किंवा अपुरी मेमरी पाहावी. सुरुवातीची दहापंधरा मिनिटे ठीक जाऊन मग खेळ जड होत जात असेल, तर प्रथम उष्णतेचा विचार करावा. हा तिसरा प्रकार सोलापुरात विशेष लक्ष देण्याजोगा आहे, म्हणून त्याचे विवेचन पुढे सविस्तर केले आहे.

त्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासावी लागते : हा संगणक नवा असताना तरी वेगवान होता काय? १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश मेमरीच (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) नव्हती. १९९९ च्या इंटेल ८१० चिपसेटमधील (प्रोसेसर, मेमरी आणि इतर भाग जोडणाऱ्या चिपांच्या संचातील) ग्राफिक्स मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटावरच, असून मुख्य मेमरीचा वाटा वापरत असे, आणि घरगुती असेंबल्ड संगणकांत खर्च वाचवण्यासाठी असे ऑनबोर्ड ग्राफिक्स सर्रास घेतले जात असे. त्या काळी सेकंदाला २५ ते ३० चित्रचौकटी मिळाल्या तरी खेळणारा समाधानी असे. आज ६० चौकटींची सवय झालेल्या डोळ्यांना तोच वेग संथ वाटतो. म्हणून आठवणीवर विसंबून न राहता मोजमाप करावे. ‘क्वेक’ या १९९६ च्या खेळात ‘टाइमडेमो’ ही आज्ञा दिली की सरासरी चौकटी आकड्यात मिळतात, आणि विंडोजवरील अनेक खेळांत ‘फ्रॅप्स’ हा छोटा प्रोग्रॅम पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा दाखवत राहतो. प्रत्येक बदलानंतर हा आकडा वहीत लिहून ठेवणारा मनुष्य सहसा फसत नाही.

उष्णता, धूळ आणि सुताचे तंतू

सोलापूर हे दख्खनच्या पठारावरील कोरड्या हवेचे शहर आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथील दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पातेदार ठोकळा) आणि पंखा मिळून प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीपेक्षा तो किती अंश अधिक तापेल, एवढेच ते ठरवतात. थंडीच्या दिवसांत खोलीत २५ अंश आणि वैशाखात ४० अंश असतील, तर तेच काम करणारा प्रोसेसर आपोआप सुमारे १५ अंशांनी अधिक तापतो. दिवाळीच्या सुट्टीत नीट चाललेला खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत अडखळू लागला, तर त्यामागे व्हायरस शोधण्याआधी हा साधा हिशेब करावा.

यात भर पडते ती कापडधंद्याची. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत मोठ्या संख्येने आहेत, आणि कित्येक ठिकाणी माग व राहते घर एकमेकांना लागून असतात. मागाच्या परिसरातील हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. साधी धूळ हीटसिंकच्या पात्यांवर बसते, पण तंतू पंख्यातून आत ओढले जाऊन पंखा आणि पाती यांच्या मधल्या फटीत एकमेकांत गुंततात आणि तेथे जाड घोंगडीसारखा थर तयार होतो. पंखा फिरताना दिसतो, त्याचा आवाजही येतो, मात्र हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. कॅबिनेटचे झाकण उघडून वरवर पाहणाऱ्याला हा थर दिसत नाही, कारण तो पंख्याच्या खाली दडलेला असतो. पंखा सोडवून बाजूला घेतल्यावरच तो नजरेस पडतो. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) आतील पंख्याची आणि ग्राफिक्स कार्डावरील लहान पंख्याची हीच अवस्था असते.

तापल्यावर काय होते, हे प्रोसेसरच्या पिढीवर अवलंबून असते. नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम ४ मध्ये स्वसंरक्षणाची सोय आहे : ठरावीक तापमान ओलांडले की तो आपले घड्याळ (कामाचा ताल ठरवणारे स्पंदन) क्षणोक्षणी थांबवून पुन्हा चालू करतो, आणि त्यामुळे प्रत्यक्ष काम साधारण निम्म्यावर येऊ शकते. विंडोजमध्ये दिसणारा मेगाहर्ट्‌झचा आकडा मात्र तसाच राहतो, म्हणून हा दोष कित्येकदा ओळखलाच जात नाही. पेंटियम ३ मध्ये अशी सोय नाही. तो तापला तर मंद न होता अडकतो किंवा संगणक बंद पडतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की पेंटियम ३ चा खेळ हळू असेल पण संगणक एकदाही अडकत नसेल, तर कारण बहुधा उष्णतेपेक्षा वेगळे आहे.

सफाईसाठी मऊ ब्रश पुरेसा असतो. मागावर वापरतात तशी दाबाची हवा हाताशी असल्यास तिचा उपयोग होतो, पण हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. कॉम्प्रेसरच्या नळीत साचलेले पाणीही आधी बाहेर सोडून द्यावे. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी, वीसेक वर्षे जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसून नवी लावताना संगणक आधी काही मिनिटे चालवून पेस्ट थोडी ऊबदार होऊ द्यावी व मग, वीज पूर्ण बंद करून, हीटसिंक किंचित पिळवटून उचलावा. पेंटियम ४ च्या ४७८ पिनांच्या सॉकेटमधून थंड हीटसिंक सरळ ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसह उपटून येतो आणि पिना वाकतात. अशा एका घाईमुळे चांगले यंत्र कायमचे निकामी झाल्याचे पाहणे फार क्लेशकारक असते.

बायॉस आणि घड्याळाची गती

बरीच वर्षे बंद राहिलेल्या संगणकात मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. ती संपली की तारीख मागे जाते, हे सर्वांना माहीत असते. त्याच वेळी बायॉसमधील (संगणक चालू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्रॅममधील) बाकीच्या निवडीही मूळ, सावध मूल्यांवर परततात, याकडे मात्र दुर्लक्ष होते. उदाहरणार्थ, अ‍ॅथलॉन एक्सपी २४००+ हा प्रोसेसर १३३ मेगाहर्ट्‌झच्या पायाभूत गतीला १५ ने गुणून सुमारे २००० मेगाहर्ट्‌झवर चालतो. अनेक मदरबोर्ड सुरक्षिततेसाठी ही पायाभूत गती १०० वर आणतात, आणि तोच प्रोसेसर १५०० मेगाहर्ट्‌झवर चालू लागतो. चौथाई वेग अशा रीतीने काहीही न मोडता नाहीसा होतो. संगणक चालू होताना पडद्यावर येणारा आकडा प्रोसेसरच्या मूळ गतीशी ताडून पाहणे, ही या संपूर्ण विषयातील सर्वांत स्वस्त तपासणी होय. जुन्या पेंटियम बोर्डांवर हीच गती जंपरने (बोर्डावरील पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) ठरते. ४८६ वर्गाच्या कॅबिनेटवरील ‘टर्बो’ बटण तर मुद्दाम वेग कमी करण्यासाठीच असे, कारण त्याहूनही जुने काही खेळ प्रोसेसरच्या गतीवरच आपला काळ मोजत. ते बटण चुकीच्या स्थितीत राहिल्यास संगणक निष्कारण संथ चालतो. बायॉसमध्ये कॅश मेमरी बंद झालेली असेल, तर मात्र खेळच नव्हे, विंडोज उघडणेसुद्धा असह्य होते.

ग्राफिक्स

प्रोसेसर कमी पडतो आहे की ग्राफिक्स कार्ड, हे ठरवण्यासाठी एक जुना आणि खात्रीचा प्रयोग आहे. तोच प्रसंग आधी १०२४×७६८ आणि मग ६४०×४८० या रिझोल्युशनवर चालवावा. पहिल्यात ७,८६,४३२ आणि दुसऱ्यात ३,०७,२०० ठिपके असतात, म्हणजे कार्डाचे काम अडीचपटीहून अधिक हलके होते. वेग लक्षणीय वाढला तर कार्ड अपुरे पडत होते. वेग जवळपास तेवढाच राहिला तर कार्ड मोकळे बसून प्रोसेसरची वाट पाहत होते, आणि अशा वेळी महागडे कार्ड विकत घेणे व्यर्थ आहे.

सोलापुरातच नव्हे, सर्वत्रच तक्रार आली की ‘फॉरमॅट मारण्याची’ पद्धत रूढ आहे. या उपायाने पुष्कळदा हानीच होते. मदरबोर्डसोबत आलेली ड्रायव्हरची सीडी तोवर हरवलेली असते, आणि विंडोज पुन्हा टाकल्यावर ग्राफिक्स कार्ड सामान्य ड्रायव्हरवर चालते. ओपनजीएलवर (त्रिमितीय चित्र काढण्याच्या एका पद्धतीवर) आधारलेल्या खेळाला कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर सापडला नाही, तर विंडोजमधील ‘जीडीआय जेनेरिक’ हा पर्याय कामाला लागतो आणि सगळे चित्र प्रोसेसरला एकट्याने काढावे लागते. खेळ मग एकामागून एक स्थिर चित्रे दाखवल्यासारखा दिसतो. व्हीआयए कंपनीच्या चिपसेटवर तर कार्डाच्या ड्रायव्हरबरोबर चिपसेटचा ‘फोर-इन-वन’ ड्रायव्हरही टाकावा लागतो, नाहीतर एजीपी जोडणीचा (ग्राफिक्स कार्डाच्या खास खाचेचा) पूर्ण लाभ मिळत नाही. सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला, ही समजूतही या यंत्रांना लागू पडत नाही. कार्ड ज्या वर्षीचे आहे, त्याच्या आसपासचा ड्रायव्हर बहुधा अधिक वेगवान ठरतो.

वेग नेमका ६० आणि ३० यांच्यात उड्या मारत असेल, तर दोष कशातच नसतो. पडद्यावरील चित्र नव्याने काढले जाण्याच्या वेगाशी (रिफ्रेश रेट, येथे सेकंदाला ६० वेळा) चौकटी जुळवणारी व्ही-सिंक ही सोय चालू असते, आणि एखादी चौकट १६.७ मिलिसेकंदांपेक्षा थोडी जरी उशिरा तयार झाली, तरी ती पुढच्या फेरीपर्यंत खोळंबते.

मेमरी आणि हार्डडिस्क

मेमरी वाढवली की संगणक वेगवान होतो, हे सामान्यतः खरे असले तरी एक लक्षणीय अपवाद आहे. इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसेट केवळ पहिल्या ६४ एमबी मेमरीलाच कॅशचा लाभ देतो. त्यावर १२८ एमबी बसवली, तर विंडोज ९८ वरच्या टोकाची मेमरी आधी वापरत असल्याने खेळ पूर्वीपेक्षा हळू होऊ शकतो. याउलट ५१२ एमबीपेक्षा अधिक मेमरी दिल्यास विंडोज ९८ संथ न होता चुका दाखवू लागते. तो वेगळा दोष आहे.

थबकण्याचे फार मोठे आणि सहज दुरुस्त होणारे कारण हार्डडिस्कच्या जोडणीत असते. डीएमए पद्धतीत माहिती प्रोसेसरला फारसा त्रास न देता थेट मेमरीत जाते, तर पीआयओ पद्धतीत प्रोसेसरला ती स्वतः वाहून न्यावी लागते, आणि तिचा वेग तिच्या चौथ्या प्रकारातही (मोड ४) सेकंदाला १६.६ एमबीच्या पुढे जात नाही. विंडोज ९८ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील डिस्कच्या गुणधर्मांत डीएमएची चौकट हाताने निवडावी लागते. विंडोज एक्सपी ती स्वतः निवडते, मात्र सदोष केबलमुळे चुका होत राहिल्या तर टप्प्याटप्प्याने पीआयओपर्यंत खाली उतरते आणि केबल बदलल्यावरही तेथेच अडून बसते. त्या वेळी डिव्हाइस मॅनेजरमधून संबंधित आयडीई चॅनेल (हार्डडिस्क जोडलेली वाहिनी) काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे तपासणी नव्याने होते. ४० तारांच्या केबलवर सेकंदाला ३३ एमबीपेक्षा अधिक वेग मिळत नाही, त्यासाठी ८० तारांची केबल लागते. जुन्या हार्डडिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवणारे पुष्कळ आहेत. ही सोय शांत आणि थंड असली, तरी काही कार्डे डीएमए जाणत नाहीत, आणि मग नवे कार्ड बसवूनही तीच थबक परत येते.

विजेविषयीचा समज

‘लाइट कमी येते म्हणून गेम स्लो चालतो’ हे वाक्य सोलापुरात, विशेषतः जेथे एकाच वस्तीत माग आणि घरे आहेत तेथे, ऐकू येते. व्होल्टेज उतरले की बल्ब मंद होतो आणि साधा पंखा हळू फिरतो, म्हणून संगणकाबाबतही तसेच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एसएमपीएस आत येणारी वीज कमी-जास्त झाली तरी बाहेर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट हे ठरलेले दाब स्थिर ठेवतो, आणि त्याला ते जमेनासे झाले की संगणक मंद न होता एकदम बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. प्रोसेसरचे घड्याळ क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालते आणि त्याचा घरातील व्होल्टेजशी संबंध नाही. वारंवार भारनियमन आणि अचानक खंडित होणारी वीज यांमुळे हार्डडिस्कवरील फाइली बिघडतात, हे मात्र खरे आहे. त्यासाठी यूपीएस घेणे योग्य ठरते.

मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर हेही वीजपुरवठ्याचेच प्रकरण आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक बोर्डांवर सदोष द्रावाचे कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांचे सपाट डोके वर फुगते किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग दिसतो. असा बोर्ड खेळाच्या ऐन भरात संगणक बंद पाडतो. टीव्ही व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा चांगला कारागीर त्याच क्षमतेचे, त्याच किंवा अधिक व्होल्टचे आणि कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर लावून तो पुन्हा वापरात आणू शकतो. मात्र सोल्डरिंगच्या आधी ध्रुवता लिहून ठेवावी, कारण उलटा बसलेला कपॅसिटर वीज देताच फुटतो.