आईच्या शिदोरीवर वाढलेली माशी

जालन्याजवळ माझ्या मावसभावाची मोसंबीची बाग आहे. फळमाशीवरच्या संशोधनाबद्दल लिहितोय, असं फोनवर म्हटलं तर तो म्हणाला, "दादा, मग इकडंच या की. सापळ्यात पसाभर पडल्यात, लागतील तेवढ्या न्या." त्याला फरक सांगण्यात पाच मिनिटं गेली. बागेतल्या सापळ्यात अडकते ती बॅक्ट्रोसेरा. झाडावरच्या चांगल्या फळाला टोचून ती आत अंडी घालते आणि अंगानं जवळपास घरमाशीएवढी असते. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे आपलं चिलट. बीडची सीताफळं पिकायला ठेवून दोन दिवस विसरलात, की टोपलीवर तीनेक मिलिमीटरची, लाल डोळ्यांची जी पिलावळ घोंगावते, ती ही. तिचा जीव फळापेक्षा फळ आंबवणाऱ्या यीस्टमध्ये जास्त.

थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 साली या लाल डोळेवाल्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. तेव्हापासून जीवशास्त्रानं या चिलटाला सोडलेलं नाही. गुणसूत्रांच्या चारच जोड्या, आणि 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस. पारा तिशीच्या आसपास टिकून राहिला तर नर वांझ होऊ लागतात. त्यामुळे आपल्या मे महिन्यात ही माशी पाळायची म्हणजे आधी तिच्या गारव्याची सोय करायची.

पेशीविभाजन पाहायचं तर तिच्या अंड्यासारखी जागा नाही. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं अंडं. आत केंद्रकाची दोन, दोनाची चार अशी वाढ सुरू होते, पण मध्ये भिंत पडत नाही. एकाच वाड्यात आडभिंती न घालता बिऱ्हाडं वाढत जावीत, तसं. सुरुवातीचं एकेक विभाजन आठ-नऊ मिनिटांत उरकतं, चुलीवरचा चहा कपात येईपर्यंत. माणसाच्या पेशीला प्रयोगशाळेत याच कामाला साधारण एक दिवस लागतो. अशा 13 फेऱ्या झाल्यावर भिंती उभ्या राहतात आणि एकदम सुमारे 6000 पेशी तयार होतात. या घाईत स्वतःची जनुकं वाचायला गर्भाला फारशी सवडच नसते. लागणारी बहुतेक प्रथिनं आणि आरएनए आईनं अंड्यात आधीच बांधून दिलेली असतात. ही शिदोरी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दहावीच्या पुस्तकातली सूत्री विभाजनाची आकृती आठवते? तारककेंद्राची, म्हणजे केंद्रकाजवळच्या एका बारीक कणाची, दोन होतात, ती पेशीच्या दोन टोकांना जातात, त्यांच्यापासून तुर्कतंतू निघतात आणि गुणसूत्रं दोन्हीकडं ओढली जातात. सूत भरलेल्या टकळीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता आकार. आकृती पाहून कुणालाही वाटावं की तारककेंद्रच मुकादम, तो नसेल तर काम बंद. थिओडोर बोव्हेरी यांनी 1888 मध्ये तारककेंद्र आणि त्याच्या भोवतालचा भाग यांना मिळून 'सेंट्रोसोम' हे नाव दिलं, तेव्हापासून हाच समज पक्का होत गेला. खरं तर शंका यायला आपल्या शिवारात भरपूर वाव होता. कपाशीच्या, ज्वारीच्या पेशींत तारककेंद्र नसतंच, आणि त्या बिनबोभाट विभागतात. पण वनस्पतींचं वेगळं, असं म्हणून तो विषय बाजूला पडे.

केंब्रिजमध्ये जॉर्डन रॅफ यांच्या प्रयोगशाळेत काम करताना पेशीशास्त्रज्ञ रेनाटा बास्तो यांनी 2006 मध्ये हा समज प्राण्यातच तपासला. त्यांच्या गटानं तारककेंद्र घडवायला लागणारं 'सास-4' हे जनुक बिघडलेल्या माश्या घेतल्या. मोठ्या अळीच्या मेंदूत शोधूनही तारककेंद्रं दिसेनात. अळ्या मात्र वाढल्या, कोशात गेल्या आणि साधारण वेळेवर माश्या होऊन बाहेर आल्या. पंख, डोळे, पाय, सगळं जिथल्या तिथं. गुणसूत्रांभोवतीच तंतू तयार होत होते आणि मोटर प्रथिनं त्यांची टोकं गोळा करून बांधत होती. मुकादमाविना मजुरांनी काम उरकलं म्हणा ना. अगदी निर्दोष नाही. मेंदूच्या मूळपेशी एक मोठी आणि एक लहान अशी असमान वाटणी करतात, त्यातल्या जवळपास 30 टक्के वाटण्या चुकल्या.

मग या माश्या जगल्या का? नाही. त्यांना धड चालता येईना, पाय कुठं पडतोय याचा पत्ता नाही, आणि लवकरच त्या मेल्या. तारककेंद्राचं दुसरं काम इथं उघडं पडलं. संवेदी चेतापेशींच्या टोकाला केसासारखा पक्ष्माभ असतो, त्याचा पाया म्हणजे हेच तारककेंद्र. ते नसल्यानं माशीला स्वतःच्या अंगाचीच जाणीव उरली नव्हती. मला या संशोधनात सगळ्यात भावतं ते हे, की विभाजनाचा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं चालण्यातून.

आता शिदोरीकडं. या माश्यांच्या आयांकडं जनुकाची एक चांगली प्रत होती, त्यामुळे अंड्यात पुरेसं प्रथिन उतरलं होतं. पहिल्या 13 फेऱ्या त्या उसनवारीवर पार पडल्या, आणि पुढं पेशी वाढत गेल्या तशी ती पातळ होऊन संपली. अंड्यातच तारककेंद्रं नसतील तर त्या धावपळीच्या फेऱ्या कोलमडतात आणि गर्भ तिथंच मरतो. म्हणजे मुकादम हवाच, पण पहिल्या दोन-तीन तासांपुरता.

'सास-4' चं माणसातलं भावंड 'सीपॅप'. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर मूल फार लहान डोक्याचं जन्मतं. पाकिस्तानातल्या, रक्ताच्या नात्यात लग्नं झालेल्या घराण्यांत हे आढळलं. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडंही जुनीच. त्यात एकच सदोष प्रत दोन्हीकडून मुलात येण्याचा संभव वाढतो.

उलटा प्रयोगही झाला. 2008 मध्ये बास्तो आणि सहकाऱ्यांनी गरजेपेक्षा जास्त सेंट्रोसोम असलेल्या माश्या तयार केल्या. त्या दिसायला ठीक होत्या. पण त्यांच्या अळ्यांच्या मेंदूचे तुकडे धडधाकट माश्यांच्या पोटात बसवल्यावर काहींत गाठी वाढल्या. जादा सेंट्रोसोम आणि कर्करोग यांचा संबंध असावा, असं बोव्हेरी यांनी 1914 मध्येच लिहून ठेवलं होतं.