डी फार्म झालं, आता रजिस्टर्ड फार्मासिस्ट व्हायचंय: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बारावीचा रिझल्ट लागला की प्रश्न सुरू होतात, डी फार्मला मॅथ्स लागतं की बायोलॉजी, सीईटी द्यावी लागते का, आणि मग दोन वर्षांनी तीच मुलं परत विचारतात, डिप्लोमा हातात आलाय, आता मेडिकलवर बसता येईल ना. नुसत्या डिप्लोम्यावर बसता येत नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ चं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करून किंवा काढून द्यायचं काम रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच करायचं, डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देतो तेवढी सूट आहे, बाकी कोणी केलं तर शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव चढलं की तुम्ही फार्मासिस्ट, तोपर्यंत तुम्ही डिप्लोमा पास झालेले विद्यार्थी.

हा कायदा का आला ते माहीत असलं की कौन्सिल एवढे कागद का मागते ते पण कळतं, म्हणून थोडं मागे जाते. घरात कोणी सत्तरी-ऐंशीचं असेल तर विचारून बघा, दवाखान्यात डॉक्टर तपासायचे आणि आतल्या खोलीत कंपाउंडर औषध बनवायचा, बाटली घरूनच न्यायची, तिच्यात मिक्श्चर भरून बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून द्यायचा, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. घड्याळ नसलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही डोस चुकू नये याची ती सोय होती आणि त्या माणसांच्या हाताला खरंच कसब होतं. पण त्यातल्या बहुतेकांनी काम शिकलं ते डॉक्टरच्या हाताखाली, सगळ्यांना लागू असलेला कोर्स नव्हता, देशभर एकच परीक्षा नव्हती आणि कोण लायक कोण नाही हे तपासणारं रजिस्टर पण नव्हतं. बाजारात भेसळीची आणि हलकी औषधं एवढी झाली की सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिचा रिपोर्ट १९३१ चा. औषधांवर कायदा हवा आणि औषध देणारा माणूस शिकलेला हवा हे त्या रिपोर्टने ठासून मांडलं. त्याच सुमारास, १९३२ ला, महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं डिग्रीचं शिक्षण सुरू केलं, पुढे १९४० ला औषधांचा कायदा आला आणि १९४८ ला फार्मसी ॲक्ट. आपल्या बाजूला गोव्यात तर पोर्तुगीज काळातच, १८४२ ला सुरू झालेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेत फार्मसी शिकवली जायची, आणि मुक्तीनंतर १९६३ ला तिथे वेगळं फार्मसी कॉलेज निघालं.

१९४८ च्या कायद्याने जुन्या कंपाउंडर लोकांना वाऱ्यावर सोडलं नाही ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिलं रजिस्टर बनवताना ज्यांनी दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात किमान पाच वर्षं औषधं बनवण्याचं काम केलं होतं त्यांनाही त्या अनुभवावर नाव नोंदवता आलं. पण ती सवलत पहिल्या रजिस्टरपुरती होती. आज कोणी सांगत असेल की मेडिकलवर दहा वर्षं काउंटरला आहे, अनुभवावर रजिस्ट्रेशन करून देतो, पैसे द्या, तर त्याच्या नादी लागू नका. फार्मसी असिस्टंटचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे सर्टिफिकेट कोर्स असतात, त्यावर दुकानात मदतनीस म्हणून काम मिळतं, रजिस्ट्रेशन मिळत नाही.

आता ॲडमिशन. डी फार्मला बारावी सायन्स पास लागतं, फिजिक्स आणि केमिस्ट्री हवंच आणि सोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी यातलं एक. महाराष्ट्रात सीईटी लागत नाही, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन होतं, बी फार्मला मात्र सीईटी आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाइल, आधार, आरक्षणातून भरत असाल तर जातीचा दाखला, लागू असेल तिथे व्हॅलिडिटी, आणि त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन क्रीमिलेयर. हे नॉन क्रीमिलेयर दरवर्षी कितीतरी मुलांना रडवतं, जुनं संपलेलं असतं आणि जूनमध्ये सेतूत एवढी गर्दी असते की दाखला येईपर्यंत तारीख निघून जाते, त्यामुळे परीक्षा झाली की लगेच अर्ज टाका. ऑप्शन फॉर्म भरताना पण विचार करून भरा, पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच राउंडला लागलं की सीट फ्रीज होते, मग मागे फिरता येत नाही.

कॉलेज निवडताना फी आणि अंतर बघता तसंच एक आधी बघा, त्या कॉलेजच्या कोर्सला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची कलम १२ खाली मान्यता आहे का, तुमच्या वर्षासाठी आहे का. मान्यता नसलेल्या ठिकाणचा डिप्लोमा रजिस्ट्रेशनला चालत नाही, दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे दोन्ही जातात. आणि परराज्यातून घरबसल्या डी फार्म, फक्त परीक्षेला या, असं सांगणारे एजंट गावोगाव फिरतात, असा कोर्सच अस्तित्वात नाही, हजेरी लागते आणि प्रॅक्टिकल पण करावी लागतात.

दोन वर्षं झाली की पाचशे तासांचं ट्रेनिंग, किमान तीन महिन्यांत, मान्यताप्राप्त हॉस्पिटलात किंवा मेडिकलवर रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या हाताखाली. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणतात आणि घरी बसतात, पोरांनो असं करू नका. पुस्तकात न मिळणारं सगळं इथे मिळतं. चिठ्ठी कशी वाचायची, डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने औषध काढायचं नाही, फोन करून विचारायचं. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला भाग शेवटपर्यंत शिल्लक राहील अशा बाजूने कापायची. इन्सुलिनची व्हायल ४० युनिटची असेल तर सिरिंज पण लाल टोपीची ४० चीच द्यायची, केशरी टोपीची १०० ची गेली तर डोस चुकतो आणि पेशंटला कळतही नाही. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, आजोबांना ते नीट सांगितलं नाही आणि त्यांनी बाकीच्या गोळ्यांसारखी रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून ती देताना वार विचारायचा, पाकिटावर वार लिहून द्यायचा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. शेड्यूल एच वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या आणि वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं, रजिस्टर कसं भरायचं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपायचं असतं. हे सगळं हाताखालून गेलेलं मूल आणि नुसता शिक्का आणलेलं मूल यातला फरक काउंटरवर पहिल्याच दिवशी दिसतो.

ट्रेनिंगचा कॉन्ट्रॅक्ट फॉर्म सुरुवातीलाच कॉलेजकडून घ्या, ट्रेनिंग सुरू झाल्याची तारीख, तास, फार्मासिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर, सगळं भरून सह्या घ्या. संपल्यावर एकदम भरायला गेलं की तारखा जुळत नाहीत आणि फॉर्म परत येतो.

एक्झिट एक्झामबद्दल थोडक्यात. २०२२ च्या नियमांनी डी फार्मनंतर ही परीक्षा आणली, तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के आणि तिन्ही एकाच वेळी सुटायला हवेत, किती वेळा द्यायची यावर बंधन नाही. तुमच्या बॅचला काय लागू आहे ते कौन्सिलच्या ताज्या नोटिशीत बघा, कुणाच्या तरी व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

मग कौन्सिलचा अर्ज. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं ऑफिस मुंबईत मुलुंड पश्चिमेला आहे, अर्ज ऑनलाइन भरायचा. वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही राज्यात राहणारे किंवा इथे फार्मसीचं काम करणारे हवेत. दहावीची मार्कशीट किंवा सर्टिफिकेट जन्मतारखेसाठी, बारावीची मार्कशीट, डी फार्मच्या दोन्ही वर्षांच्या मार्कशीट, बोर्डाचा डिप्लोमा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, लिव्हिंग, राहण्याचा पुरावा, फोटो, सही, हे जवळ ठेवा आणि ओरिजिनलवरून कलरमध्ये स्कॅन करा, झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो टाकू नका. अर्ज अडकण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण तर दुसरीकडे नुसतं अक्षर, स्पेलिंग वेगळं. आधार आधी दुरुस्त करून घ्या, लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडा. डिप्लोमा परराज्यातला असेल तर तिथून पडताळणी होऊन यावी लागते, वेळ धरून चला, आणि आधी दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलमध्ये नाव असेल तर तिथलं एनओसी लागतं. गोव्यात राहणाऱ्यांनी गोव्याच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा.

रजिस्ट्रेशन नंबर मिळाला की कामं बरीच आहेत. मेडिकल, हॉस्पिटल, कंपनी, आणि जिल्हा परिषद किंवा आरोग्य खात्यातली औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा, तिथे रजिस्ट्रेशन मागतातच. पुढे शिकायचं असेल तर बी फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला पण जाता येतं. स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर रिटेलला किमान १० चौरस मीटर जागा, औषधं थंड ठेवायला फ्रिज, आणि अन्न व औषध प्रशासनाकडून फॉर्म २० आणि २१ चं लायसन्स. दुकानात पांढरा कोट आणि त्यावर नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज हवा असं २०१५ च्या नियमांत आहे, तो घालायला लाजू नका, समोरच्या पेशंटला कळू द्या की औषध कोण देतंय. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल तारीख संपायच्या आधी करा, पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स करावे लागतात, त्यांची सर्टिफिकेटं फाइलला लावून ठेवा.

आणि सर्टिफिकेट भाड्याने देणं. महिन्याला चार पैसे मिळतात, तुम्ही पुण्यात दुसरी नोकरी करता आणि तुमचं सर्टिफिकेट तालुक्याच्या दुकानात भिंतीवर. तिथे बिनाचिठ्ठीची झोपेची गोळी विकली, रजिस्टर कोरं सापडलं, की इन्स्पेक्टर नाव तुमचं लिहितो आणि प्रकरण कौन्सिलपर्यंत जाऊन नाव रजिस्टरमधून निघू शकतं. त्याहून वाईट म्हणजे त्या गावातल्या लोकांना फार्मासिस्ट मिळतच नाही, मिळतो फक्त फ्रेममधला कागद.

कुठलीही नोकरी सोडताना राजीनामा मालकाला द्याच, पण लायसन्सवर तुमचं नाव आहे म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसलाही त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या, आणि तुमचं ओरिजिनल सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवून बरोबर घेऊनच निघा.