स्विच ठरवायच्या आधी हे एकदा वाचून घ्या

कस्टम कीबोर्ड करून घ्यायला येणारे बरेच जण केस, कीकॅप (बटणावरची टोपी), रंग सगळं ठरवून येतात आणि स्विचचं, म्हणजे प्रत्येक बटणाखाली असतो त्या दाबल्या जाणाऱ्या भागाचं, विचारलं की म्हणतात "रेड टाका" नाहीतर "तो व्हिडिओत छान थॉक थॉक वाजतो ना, तो". आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे, दिवसभर बोटं स्विचवर पडणारेत तर आधी स्विच बघा, केसचा रंग मागाहून ठरवला तरी चालतंय.

प्रकार तीनच. लिनियर सरळ खाली जातो, टॅक्टाइलला मधे बोटाला उंचवटा लागतो, क्लिकीला उंचवटा असतो आणि वर कटकट आवाजही. चेरी या जर्मन कंपनीचे रेड, ब्राउन आणि ब्लू हे अनुक्रमे यांचे जुने नमुने, रंगावरून स्विच ओळखायची सवय तिथूनच लागली. पण चेरीचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कायल आणि बाकीच्यांनी त्याच साच्याचे इतके स्विच काढलेत की आता नुसत्या रंगावरून काही कळत नाही. आणि स्पष्टच सांगतो, ब्राउनचा उंचवटा इतका पुसट असतो की टॅक्टाइलच हवा म्हणून तो घेणारे बरेचदा नाराज होतात. क्लिकीबद्दल एवढंच, ऑफिसात नेणार असाल किंवा रात्री त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर नको.

आता वजन, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चेरी रेडला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो म्हणतात तो बटण रजिस्टर होतं (कॉम्प्युटरला दाबलेलं कळतं) तिथला, म्हणजे साधारण २ मिलिमीटर खाली गेल्यावर. पण पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा आणि आपण बहुतेक जण की तळाला आपटूनच टाइप करतो, त्यामुळे हात थकतो तो तळाच्या वजनाने. '६२ ग्रॅमची स्प्रिंग' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुधा तळाचाच असतो, म्हणून ४५ वाला आणि ६२ वाला स्विच नुसत्या आकड्यांवरून शेजारी ठेवून तुलना करू नका, दोन्ही हाताला जवळपास सारखेच लागू शकतात. चेरीचाच स्पीड सिल्व्हर १.२ मिलिमीटरलाच रजिस्टर होतो, गेमिंगला मजा येते पण बोट नुसतं टेकवायची सवय असेल तर नको ती अक्षरं उमटतात. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांनी तर करंगळीचा विचार करायलाच हवा कारण क ला शिफ्ट दिली की ख, म्हणजे शिफ्ट सतत लागते, फार जड स्विच घेतला तर संध्याकाळी करंगळी बोलायला लागते.

दुकानात आल्यावर टेस्टर (दाबून बघायला ठेवलेले नमुन्याचे स्विच) मागा, पण तर्जनीने चार वेळा दाबून निकाल देऊ नका, तर्जनीला सगळेच हलके वाटतात. कीकॅप लावून करंगळीने दाबा. मग अगदी सावकाश, कानाजवळ धरून दाबा, खरखर असेल तर तेव्हाच कळते, जोरात दाबलं की लपून जाते. की मधोमध न दाबता कडेला दाबून बघा, अडकल्यासारखी वाटली तर तो स्विच नको. झटकन सोडल्यावर आत तारेसारखं किणकिणलं तर तो स्प्रिंगचा आवाज, ल्यूबने (वंगणाने) बराचसा जातो. आणि एकाच जातीचे चार-पाच दाबून बघा, एक गुळगुळीत आणि दुसरा खरखरीत असं होतं, खास करून स्वस्तातल्या लॉटमध्ये. आवाजाचा निकाल मात्र टेस्टरवर लावूच नका, प्लेट (स्विच जिच्यात बसतात ती पट्टी), केस, आतला फोम, खालचं टेबल, सगळ्यांनी तो बदलतो, म्हणून आम्ही त्याच प्लेटच्या तयार बोर्डावर वाजवून दाखवतो.

फॅक्टरी ल्यूब चांगलं असेल तर उगाच उघडत बसू नका. हाताने करायचंच असेल तर लिनियरला क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस पातळ थरात, टॅक्टाइलला त्याहून पातळ ल्यूब आणि स्टेमचे (स्विचच्या आतल्या खाली-वर होणाऱ्या दांड्याचे) पाय सोडून, नाहीतर ज्यासाठी पैसे मोजले तो उंचवटाच जाईल.

तुमच्या बोर्डात बसणार का हेही बघा. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या पीसीबीत (आतल्या सर्किट बोर्डात) बसवायचा तर मधल्या खांबाच्या दोन बाजूंचे प्लॅस्टिकचे बारीक पाय नेलकटरने कापले की झालं. हॉल इफेक्टचे मॅग्नेटिक स्विच मात्र साध्या हॉट-स्वॅप बोर्डावर (सोल्डर न करता सॉकेटात स्विच खोचायच्या) चालत नाहीत, लो-प्रोफाइलवालेही (कमी उंचीचे) बहुधा बसत नाहीत, ऑनलाइन मागवायच्या आधी आम्हाला फोटो पाठवा. बसवताना पिना सरळ आहेत ना बघा आणि सॉकेटला खालून बोटाचा आधार द्या, पिन वाकली तर चिमट्याने सरळ होते पण सॉकेट उखडलं तर सोल्डरिंगचं काम निघतं.

टीकेएलला (नंबरपॅड नसलेल्या बोर्डाला) ८७ लागतात, ६० टक्केवाल्या छोट्या बोर्डाला साधारण ६१, वर पाच-सहा जास्तीचे घ्या कारण त्याच लॉटचे नंतर मिळतीलच असं नाही. न वापरलेले स्विच आम्ही परत घेतो, सोल्डर केलेले किंवा ल्यूब लावलेले घेत नाही.