पडून असलेल्या टॅबलेटची बॅटरी उतरणे : निदान

पडदा बंद असताना आणि कुणी हात लावला नसताना टॅबलेटची बॅटरी अवाजवी वेगाने उतरू लागली, तर त्याचे कारण शोधण्याची पद्धत. कारणे ढोबळमानाने तीन गटांत मोडतात. एक, टॅबलेट झोपतच नाही. एखादे ॲप किंवा सेवा प्रोसेसरला जागे ठेवते. दोन, प्रोसेसर झोपतो, पण रेडिओ, सेन्सर किंवा जोडलेले एखादे उपकरण वीज घेत राहते. तीन, वीज फारशी जातच नाही. बॅटरीची क्षमता घटल्यामुळे तेवढ्याच विजेचे टक्के जास्त दिसतात. सकाळी टक्के कमी दिसणे हे लक्षण तिन्हींत सारखेच असते, उपाय मात्र पूर्णपणे वेगळे. म्हणून मोजमाप न करता फॅक्टरी रीसेट करणे किंवा नवी बॅटरी बसवणे यात बहुधा श्रम आणि पैसा दोन्ही वाया जातात.

किती उतरणे स्वाभाविक

वाय-फाय चालू ठेवून आठ तास पडून राहिलेला निरोगी टॅबलेट साधारण 2 ते 4 टक्के उतरतो. सिमकार्ड असलेला थोडा अधिक. टक्क्यांपेक्षा मिलिअँपिअरमध्ये विचार केल्यास चित्र स्पष्ट होते. 7000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत 8 तासांत 3 टक्के म्हणजे 210 मिलिअँपिअर-तास, अर्थात सरासरी सुमारे 26 मिलिअँपिअर. तोच टॅबलेट 16 टक्के उतरला तर सरासरी 140 मिलिअँपिअर होते. पडदा बंद असूनही प्रोसेसर बराच वेळ जागा राहिल्याशिवाय हा आकडा सहसा गाठला जात नाही. पूर्ण बंद केलेल्या टॅबलेटमधील लिथियम-आयन बॅटरी स्वतःहून फार थोडी उतरते, महिन्याला काही टक्के. एका रात्रीत ती घट दिसतही नाही.

मोजणी

मोजणी 80 ते 40 टक्क्यांच्या पट्ट्यात करावी. अनेक टॅबलेट 100 हा आकडा बराच वेळ धरून ठेवतात आणि तळाशी टक्के अडखळत घसरतात, त्यामुळे दोन्ही टोकांची वाचने फसवी असतात. मोठ्या सिस्टिम अपडेटनंतर एक-दोन दिवस ॲपची फेरजुळणी आणि फोटोंची अनुक्रमणी पार्श्वभूमीत चालू असते; त्या काळातील आकडे धरू नयेत. टॅबलेट टेबलावर स्थिर ठेवावा. अँड्रॉइड 6.0 मध्ये (2015) आलेली, पार्श्वभूमीतील कामे रोखून धरणारी 'डोझ' ही व्यवस्था पडदा बंद, चार्जर काढलेला आणि उपकरण निश्चल असेल तेव्हाच पूर्ण खोलीने लागू होते. पुढे 7.0 मध्ये (2016) हालचाल सुरू असतानाही लागू होणारी सौम्य पातळी आली, पण खऱ्या बचतीसाठी निश्चलता लागतेच. चालत्या गाडीतल्या पिशवीत ठेवून घेतलेली मोजणी म्हणूनच निरुपयोगी ठरते.

पहिली रात्र नेहमीच्या स्थितीत, दुसरी विमान मोडमध्ये, तिसरी पूर्ण बंद करून. या तीन रात्रींच्या आकड्यांतून निम्मे निदान होते. विमान मोडमध्ये घट थांबली तर कारण जाळ्याशी (नेटवर्कशी) निगडित आहे: रेडिओ तरी, किंवा जाळ्यावर अवलंबून असलेले ॲप तरी. घट तशीच राहिली तर उपकरणातच काहीतरी जागे आहे. पूर्ण बंद असतानाही टक्के गेले तर संशय बॅटरीवर किंवा मदरबोर्डवर. प्रत्येक रात्री एकच गोष्ट बदलावी. पाच सेटिंग एकदम बंद करून घट थांबली, तर पाचांपैकी दोषी कोण हे कळत नाही.

झोप तपासणे

अँड्रॉइडमध्ये सर्वांत बोलका पुरावा म्हणजे पडदा बंद असलेल्या वेळेपैकी प्रोसेसर किती वेळ जागा होता. संगणकावरून एडीबीने (केबलद्वारे अँड्रॉइडला आज्ञा देणाऱ्या साधनाने) 'डम्पसिस बॅटरीस्टॅट्स' ही आज्ञा दिली की पडदा बंद असतानाची दोन मूल्ये मिळतात: 'रिअलटाइम' म्हणजे घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ आणि 'अपटाइम' म्हणजे प्रोसेसर जागा असलेला वेळ. आठ तासांत जागेपण वीस-पंचवीस मिनिटांचे असेल तर टॅबलेट नीट झोपतो. ते चार तास असेल तर बॅटरीला दोष देणे तिथेच थांबवावे. मोजणीपूर्वी जुनी आकडेवारी 'रीसेट' करून घ्यावी. केबल लावताच चार्जिंग सुरू होऊन डोझ मोडतो, म्हणून रात्रभर ती जोडून ठेवू नये.

याच अहवालात पुढे 'वेकलॉक'च्या याद्या येतात. वेकलॉक म्हणजे प्रोसेसरला झोपू न देण्याची एखाद्या घटकाने मागितलेली परवानगी. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) यादीत 'पॉवरमॅनेजरसर्व्हिस डॉट वेकलॉक्स' हे नाव अग्रभागी दिसले की अनेकजण ऑपरेटिंग सिस्टिमलाच दोषी धरतात. वास्तविक ती ॲपनी धरलेल्या सगळ्या वेकलॉकची बेरीज असते. खरा धारक 'पार्शल वेकलॉक'च्या यादीत शोधावा लागतो. 'ऑडिओमिक्स' हे नाव दिसल्यास एखाद्या ॲपने आवाजाची वाहिनी उघडी ठेवलेली असते. गेम किंवा प्लेअर पडदा बंद करण्यापूर्वी नीट न सोडल्यास असे होते. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' हे नाव यादीत अग्रभागी दिसणे हे निदान नव्हे, कारण ती सेवा इतर ॲपसाठी स्थान, सूचना आणि सिंक ही कामे करते. तेव्हा कोणते ॲप वारंवार स्थान मागते आणि कोणत्या खात्याचे सिंक अडकले आहे, हे पाहावे. अडकलेले खाते काढून पुन्हा जोडल्याने पुष्कळदा प्रश्न सुटतो.

संगणक हाताशी नसेल तर सेफ मोड वापरावा. त्यात नंतर टाकलेली ॲप चालत नाहीत. त्या रात्री घट नाहीशी झाली तर दोषी ॲप त्यांच्यातच आहे. अलीकडे टाकलेल्यांपासून एकेक काढत जावे.

आयपॅडवर इतके खोल जाता येत नाही. सेटिंग्जमधील बॅटरी विभागात ॲपनिहाय पडद्यावरचा आणि पार्श्वभूमीतला वेळ मिळतो. वापर नसताना पार्श्वभूमीचा वेळ तासांत असेल तर त्या ॲपचे 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश' बंद करून पुन्हा मोजावे. विंडोज टॅबलेटवर 'पॉवरसीएफजी' आज्ञेचा 'स्लीपस्टडी' अहवाल उत्तम आहे. प्रत्येक झोपेतील किती वेळ खोल अवस्थेत गेला आणि कोणत्या ड्रायव्हरने ती मोडली, हे त्यात दिसते.

रेडिओ आणि जोडण्या

सिमची सोय असलेल्या टॅबलेटला सिग्नल क्षीण असेल तर मोडेम सतत टॉवर शोधतो आणि अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. घरात वाय-फाय असेल तर मोबाइल डेटा बंद करणे पुरत नाही, सिमच निष्क्रिय करावे. वाय-फाय बंद केल्यावरही स्थान-सेटिंगमधील 'वाय-फाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' स्वतंत्रपणे चालू राहू शकतात. काही जाळ्यांत टीव्ही, प्रिंटर, स्पीकर एकमेकांना शोधण्यासाठी सर्वांना उद्देशून माहितीची छोटी पाकिटे पाठवत राहतात आणि प्रत्येक पाकीट टॅबलेटला जागे करू शकते. दुसऱ्या जाळ्यावर एक रात्र ठेवल्यास हे उघड होते.

चुंबकीय कव्हर हे वारंवार नजरेतून सुटणारे कारण आहे. चुंबक सेन्सरसमोर नीट बसत नसेल तर कव्हरच्या आत पडदा चालू-बंद होत राहतो. वापराच्या नोंदीत रात्रीची पडदा-चालू वेळ दिसली की कव्हर काढून तपासावे. खराब मेमरी कार्डामुळे फायलींची छाननी पुन्हा पुन्हा सुरू होते. कार्ड काढून एक रात्र पाहावी. ओटीजीने (टॅबलेटच्या यूएसबी पोर्टला थेट उपकरण जोडण्याच्या सोयीने) लावलेला पेनड्राइव्ह तर उघडपणे टॅबलेटचीच वीज घेतो.

बॅटरी आणि बोर्ड

जागेपण अल्प आहे, टॅबलेट थंड आहे आणि तरी टक्के जातात, तेव्हा बॅटरीकडे वळावे. 30 वरून थेट 8 वर येणे, चार्जर लावताच टक्के उडी मारणे, पडदा उजळताच टॅबलेट बंद पडणे ही वाढलेल्या अंतर्गत रोधाची आणि घटलेल्या क्षमतेची चिन्हे. क्षमता पाहण्यासाठी यूएसबी मीटर लावून 20 ते 80 टक्के चार्जिंगमध्ये किती वीज आत गेली ते मोजता येते, मात्र मीटरचे आकडे 5 व्होल्टचे आणि बॅटरीचे सुमारे 3.8 व्होल्टचे असल्याने थेट तुलना करू नये. वॅट-तासांत रूपांतर करावे, आणि चार्जिंगमधील तूट वजा जाते हे लक्षात घ्यावे.

पूर्ण बंद असतानाही रात्रीत टक्के जात असतील तर बोर्डवर गळती असू शकते. चार्जिंग पोर्टमधील ओल आणि गंज हे त्याचे एक कारण. दुरुस्तीच्या टेबलावर बॅटरी सोडवून, बोर्डला बाहेरून वीज देऊन बंद अवस्थेतील प्रवाह मोजतात. तो बहुधा एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असायला हवा. दहा-वीस असेल तर एखादा कपॅसिटर किंवा चिप गळते आहे. मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा पडद्याची कड वर आली असेल तर बॅटरी फुगलेली असते. तिथे मोजणी करत बसू नये. चार्जिंग थांबवून, न दाबता व न टोचता टॅबलेट दुरुस्तीला द्यावा.

काय टाळावे

पार्श्वभूमीतील ॲप आपोआप बंद करणारी 'क्लीनर' ॲप घट वाढवतात, कारण बंद केलेली ॲप पुन्हा पुन्हा सुरू होतात आणि क्लीनर स्वतःही जागा राहतो. सगळ्याच ॲपना 'रिस्ट्रिक्टेड' करणे, म्हणजे पार्श्वभूमीत काम करण्यावर निर्बंध घालणे, हेही चुकीचे: त्याने संदेश उशिरा येतात आणि मूळ दोषी झाकला जातो. निर्बंध फक्त मोजणीत सापडलेल्या ॲपवर घालावा आणि त्याच पट्ट्यात, त्याच तासांची मोजणी पुन्हा करावी.