पाच लाखांची चौकट : पुण्यातल्या सहभागी अंदाजपत्रकाची पार्श्वभूमी

पावसाळा सरता सरता पुणे महापालिका दरवर्षी एक आवाहन करते. आपल्या भागातली कामे सुचवा, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांचा विचार करू. क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज ठेवले जातात, ऑनलाइनही भरता येतात. मुदत संपली की किती अर्ज आले याची चार ओळींची बातमी येते आणि विषय मागे पडतो. पुढे आयुक्तांचे अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा चर्चा मेट्रोची, पाण्याची, मिळकतकराची असते. त्या जाडजूड पुस्तकात नागरिकांनी सुचवलेली कामे कुठल्या पानावर गेली, हे पाहणारे मोजकेच.

तरीही सहभागी अंदाजपत्रकाची ही पद्धत २००६ पासून टिकून आहे. भारतातल्या एखाद्या मोठ्या शहरात इतकी वर्षे सलग चाललेला असा दुसरा प्रयोग क्वचितच सापडेल. तो कुठून आला आणि कुठे अडकून पडला, हे समजल्याशिवाय त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही ठरत नाही.

जुन्या काळात फार खोल जायचे कारण नाही. मुंबई सोडली तर आपल्या महापालिका ज्या १९४९ च्या कायद्याखाली चालतात, त्यात नागरिक मुख्यतः मतदार आणि करदाता या दोनच नात्यांनी दिसतो. १९६६ च्या नगररचना कायद्याने त्याला तिसरी जागा दिली ती हरकतदाराची. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती-सूचना नोंदवायच्या आणि सुनावणीला जायचे. हा मार्ग किरकोळ नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा एप्रिल २०१५ मध्ये सरकारला बाजूला ठेवावा लागला, त्यामागे हजारो हरकतींचे बळ होते. पण हरकतीचा हक्क मसुदा तयार झाल्यावरच सुरू होतो. आधी काय मांडायचे, हे ठरवताना नागरिक खोलीत नसतोच.

१९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी हे बदलेल असे वाटले होते. खेड्यासाठी ते काही अंशी बदललेही. ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीत मात्र ग्रामसभेसारखे काहीच नव्हते. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात एवढेच तिने सांगितले. त्यांत कोण असावे आणि त्यांना कोणते अधिकार द्यावेत, हे राज्यांवर सोडले. महाराष्ट्राने त्या नगरसेवकांच्या समित्या केल्या. स्वयंसेवी आणि लोकसंस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद ठेवली, पण त्यांना नेमायचे नगरसेवकांनीच. या जागांवर पक्षाच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

समितीचा आवाकाही पाहायला हवा. २०११ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती आणि प्रभाग समित्या पंधराच्या आसपास. म्हणजे एका समितीच्या हद्दीत दोन लाखांवर माणसे. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांना यापेक्षा कमी लोकसंख्येवर स्वतंत्र नगरपालिका आहे.

याच सुमारास इतरत्र वेगळे प्रयोग चालले होते. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यावस्त्यांच्या सभांमध्ये भांडवली खर्चाचा प्राधान्यक्रम ठरू लागला. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे द्यायचे ठरवले आणि ग्रामसभांतून आराखडे करायला घेतले. बंगळूरमध्ये २००१ च्या सुमारास काही नागरिकांनी वॉर्डातल्या कामांची यादी स्वतः तयार करून महापालिकेपुढे ठेवली. पुण्यातल्या संस्थांना हे सगळे ठाऊक होते.

पुण्यात २००६ मध्ये तीन गोष्टी जुळून आल्या. माहितीचा अधिकार नुकताच लागू झाला होता आणि महापालिकेची कागदपत्रे मागून वाचणारे नागरिक तयार होत होते. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करणे राज्यांना भाग होते. आणि तेव्हाच्या आयुक्तांना या कल्पनेत खरोखर रस होता. शहरातल्या काही संस्थांनी आराखडा करून दिला, प्रशिक्षणे घेतली, क्षेत्रीय कार्यालयांत बैठका भरवल्या. पहिल्या वर्षी वस्त्यांमध्येही काम झाले. घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या संघटनांनी आपल्या वस्तीतल्या गरजा लिहून दिल्या. नागरिक आणि अभियंते समोरासमोर बसून बोलले, हे या शहराला नवीन होते.

पद्धत साधी ठेवली होती. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. काम महापालिकेच्या जागेवरचे आणि स्थानिक गरजेचे हवे : फुटपाथ, पथदिवे, बसथांबा, बागेतले बाक, वस्तीतले स्वच्छतागृह, ड्रेनेजची दुरुस्ती. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, अभियंता जागा पाहून खर्चाचा अंदाज काढणार, मग यादी प्रभाग समितीपुढे जाणार आणि मान्य कामे अंदाजपत्रकात येणार.

यादी प्रभाग समितीपुढे जाणार, या एका निर्णयावर मी थांबणार आहे, कारण पुढच्या वीस वर्षांचे बरेचसे त्यातून निघाले.

तेव्हाही यावर मतभेद होते. नागरिकांनी प्राधान्यक्रम ठरवला असेल तर तोच अंतिम मानावा, समितीने फार तर हद्दीचे आणि तांत्रिक अडचणीचे पाहावे, असे संस्थांतल्या काहींचे म्हणणे होते. नगरसेवकांचे म्हणणे वेगळे आणि तेही बिनबुडाचे नव्हते. आम्हाला हजारोंनी निवडून दिले आहे, वॉर्डातल्या शंभर-दीडशे अर्जदारांनी आमच्या डोक्यावरून निर्णय का घ्यावा? कायदाही त्यांच्या बाजूने होता. अंदाजपत्रक मंजूर करायचा अधिकार स्थायी समितीचा आणि मुख्य सभेचा. आयुक्तांनी परिपत्रक काढून तो नागरिकांना देता येत नव्हता. त्यामुळे नागरिकांनी सुचवायचे आणि समितीने मान्य करायचे, असा मध्यम मार्ग निघाला.

पण त्या वेळी एक गोष्ट सहज करता आली असती आणि ती झाली नाही. नागरिकांच्या यादीतले काम वगळले किंवा बदलले तर समितीने लेखी कारण देऊन ते जाहीर करावे, असे बंधन घातले गेले नाही. अधिकार समितीकडेच राहिले असते, पण उत्तर देणे तिला भाग पडले असते. हे बंधन नसल्यामुळे सहभागी अंदाजपत्रकाची रक्कम हळूहळू ‘स’ यादीच्या शेजारी जाऊन बसली. पुण्यात ज्यांनी अंदाजपत्रक उघडून पाहिले आहे त्यांना ‘स’ यादी वेगळी सांगायला नको. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ती यादी असते. नागरिकांच्या नावाने आलेल्या कामांपैकी नागरिकांनी सुचवलेली कुठली आणि नगरसेवकांच्या सांगण्यावरून आलेली कुठली, हे पुढेपुढे बाहेरून ओळखणेही कठीण झाले. या प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच पुन्हा पुन्हा नोंदवले आहे.

एका अर्जाचा प्रवास पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. समजा, एखाद्या सोसायटीतल्या आजींनी लिहिले की, अमुक शाळेसमोरच्या बसथांब्यापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंतचा फुटपाथ उखडला आहे, म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर उतरून चालावे लागते. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो. कधी शेरा पडतो, ‘सदर काम पथ विभागाशी संबंधित’ आणि कागद तिकडे जातो. काम मान्य झालेच, तर अंदाजपत्रकात ते अशा भाषेत उतरते : ‘प्रभागामध्ये विविध ठिकाणी आवश्यकतेनुसार पदपथ दुरुस्ती करणे.’ शाळा गेली, दवाखाना गेला, म्हातारी माणसेही गेली. उरले ते ‘विविध ठिकाणी’. या दोन शब्दांच्या आधारे ते पैसे प्रभागात कुठेही खर्च होऊ शकतात, आणि आजींनी विचारले तर काम झाले हेच उत्तर मिळते. कागदोपत्री ते खोटेही नसते.

त्यानंतरचा टप्पा वर्गीकरणाचा. एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्याकडे वळवायची सोय प्रत्येक महापालिकेला लागतेच. अचानक पूर आला, पूल खचला तर पैसे कुठून आणणार? पण आर्थिक वर्ष संपत आले की वर्गीकरणाच्या प्रस्तावांची रीघ लागते, आणि ज्याच्या मागे कोणी उभे नाही असे छोटे काम त्यात आधी बळी पडते. पाच लाखांच्या फुटपाथमागे कोण उभे राहणार? अर्जदाराला तर आपले काम अंदाजपत्रकात आले होते हेही बहुधा कळलेले नसते.

खुद्द पाच लाखांच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवे. प्रभागासाठीची एकूण रक्कम वेळोवेळी बदलली, पण एका कामाची मर्यादा वर्षानुवर्षे तिथेच राहिली. सिमेंट, लोखंड, मजुरी २००६ मध्ये कुठे होती आणि आता कुठे आहे, हे घर बांधणारा कुणीही सांगेल. मर्यादा वाढवली नाही म्हणजे नागरिकांनी ठरवायची गोष्ट दरवर्षी थोडी लहान होत गेली. परिणामी अर्ज बाक, गट्टू, दिव्याचा खांब यांभोवती फिरत राहिले. लोकांना एवढेच सुचते, अशी टीका काही अधिकारी करतात. ती मला अन्यायाची वाटते. चौकटच तेवढी दिली तर चित्र तेवढेच निघणार.

वस्त्यांचा सहभाग पहिल्या वर्षांनंतर ओसरला, हे या सगळ्यातले सर्वांत मोठे नुकसान. संस्थांचे प्रशिक्षण आणि बैठका थांबल्या आणि उरला तो अर्ज. अर्ज भरणे सोसायटीच्या कमिटीला, ज्येष्ठ नागरिक संघाला जमते. पहाटे कामाला निघणाऱ्या आणि दिवेलागणीला परतणाऱ्या बाईला क्षेत्रीय कार्यालयाची वेळ कशी गाठता येणार? अर्ज ऑनलाइन झाल्याने तरुणांची सोय झाली, पण समोरासमोर बसून होणारी चर्चा त्यातून परत आली नाही.

दरम्यान केंद्राच्या अटीपोटी राज्याने २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. राष्ट्रीय पातळीवरच्या नमुना मसुद्यात मतदान केंद्राच्या आवाक्यातल्या लोकांची छोटी सभा आणि त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी अशी कल्पना होती. महाराष्ट्राच्या कायद्यात सभेचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे गेले. तेही एक वेळ चालले असते. पण क्षेत्रे निश्चित करणे, नियम करणे, सभा बोलावणे यांतले काहीच गांभीर्याने झाले नाही. माहिती अधिकारात विचारणाऱ्यांनी वर्षानुवर्षे विचारले, निवेदने दिली. कलमे पुस्तकात राहिली. शहरी नागरिकाला ग्रामसभेच्या जवळ जाणारे जे काही कायद्याने मिळू शकते, ते याच कलमांत आहे, आणि म्हणून ती अमलात न येणे ही साधी दिरंगाई मानता येत नाही.

प्रभागांचा आकारही मधल्या काळात बदलत राहिला. २००७ ची निवडणूक एकसदस्यीय वॉर्डांत झाली, २०१२ ची दोनसदस्यीय प्रभागांत, २०१७ ची चारसदस्यीय. चार नगरसेवकांच्या प्रभागात आपले काम कोणाकडे न्यायचे, हेच लोकांना उमगेना. शेजारच्या दोन गल्ल्यांनी आपसात ठरवायची गोष्ट एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा भागांत वाटली गेली.

याच वर्षांत शहराची हद्द वाढली. २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. पहिल्या ११ पैकी दोन नंतर पुन्हा बाहेर काढली गेली. चर्चा झाली ती मिळकतकराची, टँकरची, अनधिकृत बांधकामांची. वाघोली, बावधन, सूस, नांदेड यांसारख्या गावांतल्या माणसांनी आणखी एक गोष्ट गमावली. आदल्या दिवसापर्यंत त्यांना ग्रामसभा होती. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात २०१५ नंतर ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवून करावा लागत होता. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात, सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात, हे सगळे खरे आहे. पण तिथे उभे राहून सरपंचाला हिशेब विचारायचा हक्क कायद्याने दिलेला होता. शहरात आल्यावर त्याच माणसाच्या हाती उरला तो दरवर्षीच्या आवाहनावर अवलंबून असलेला अर्ज.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षे अंदाजपत्रक मांडणारे, स्थायी समिती म्हणून ते तपासणारे आणि मुख्य सभा म्हणून मंजूर करणारे एकच अधिकारी होते. नागरिकांकडून सूचना मागवणे या काळातही चालू राहिले. प्रभाग समित्यांत नगरसेवक नव्हते, म्हणजे २००६ पासून ज्यांच्याकडे बोट दाखवले जायचे तेच जागेवर नव्हते. नागरिकांची यादी त्यांनी सुचवली त्या शब्दांत अंदाजपत्रकात उतरवून दाखवायची ही संधी प्रशासनाला होती. ‘विविध ठिकाणी’ची भाषा त्याही वर्षांत तशीच छापली गेली.

आता सभागृह पुन्हा भरले आहे. पाच लाखांची मर्यादा वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. अर्जाला क्रमांक देऊन तो अंदाजपत्रकातल्या कामापुढे छापायला, नाकारलेल्या कामाचे कारण संकेतस्थळावर टाकायला, नागरिकांच्या कामांचे पैसे वर्गीकरणातून वगळायला पालिकेचा ठराव पुरतो. क्षेत्रसभांसाठी मात्र राज्य सरकारला हलवावे लागेल, आणि त्या मागणीचा ठराव पाठवणे नव्या मुख्य सभेच्या हातात आहे.