नऊ बदाम आणि तीस चिंचोके

गौरीच्या जागरणाला पत्त्यांचा कॅट निघतोच. यंदा रमीचा कंटाळा आला म्हणून भाच्याने पोकरचा डाव मांडला. पैसे लावायचे नाहीत, ही माझी अट. मग बरणीतले चिंचोके निघाले, प्रत्येकी शंभर, आणि आम्ही पाच जण बसलो.

खेळ टेक्सास होल्डेम, नावाप्रमाणेच अमेरिकेतल्या टेक्सासचा. तिथल्या रॉब्सटाउन या गावाला त्याचं जन्मस्थान मानतात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये पाच पानं सगळ्यांची म्हणून उघडी पडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). दर टप्प्याला चिंचोके लावायचे, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतली उत्तम पाच पानं धरायची. पाचही बदाम जमले तर तो फ्लश, आणि फ्लशपुढे राजाची जोडी काहीच नाही.

एका डावात भाच्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती होती (हे अर्थात मागाहून कळलं). मध्ये बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर दश्शी आणि चौथं पान इस्पिक पंजी. बाकी तिघं बाहेर पडले होते. मध्ये साठ चिंचोके होते, मी आणखी तीस सारले. आता त्याने तीस टाकायचे की पानं?

"मावशी, चार तर झाले, एकच हवाय. आता सोडू होय?" असं म्हणत त्याने तीस टाकले.

अशा अर्धवट जमलेल्या हाताला ड्रॉ म्हणतात. आत्ता त्याची किंमत शून्य, एक पान आलं की तो राजा. तीस टाकायचे की नाही हे धैर्याने ठरत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळतं: जमण्याची शक्यता किती, आणि त्यासाठी मागितलेली किंमत किती.

पहिला आकडा सोपा. कॅटमध्ये बदाम तेरा. दोन त्याच्या हातात, दोन मध्ये, उरले नऊ. कामाला येणाऱ्या या पानांना पोकरवाले आउट्स म्हणतात. बावन्नपैकी त्याने सहा पानं पाहिली होती, न पाहिलेली ४६. म्हणजे ४६ मध्ये ९, साधारण १९.६ टक्के. आउट्सची दुप्पट करायची ही खेळाडूंची तोंडी युक्ती १८ सांगते. पाटावर बसल्या बसल्या तेवढं पुरतं.

इथे धाकट्या जावेने शंका काढली, आणि ती फार चांगली होती. "पाच जणांना पानं वाटलीत. थोडे बदाम आमच्याकडेही आलेच असतील की! मग नऊ कसे धरायचे?" बरोबर आहे, आले असतील. पण बदाम नसलेली पानंही तुमच्याकडे आलीच असतील ना? मी कॅट पुन्हा पिसला. त्याची सहा पानं बाजूला काढली, उरलेल्या ४६ मधली दहा न बघता उशीखाली सरकवली आणि विचारलं, आता गड्डीतलं वरचं पान बदाम असण्याची शक्यता बदलली का? उशीखाली नऊही बदाम असू शकतात किंवा एकही नसेल. आपल्याला माहीत नसेल तोवर उशीखालचं पान आणि गड्डीतलं पान यांत फरक नाही. वरचं पान त्या ४६ पैकी कुठलंही असू शकतं, प्रत्येकाची संधी सारखीच. संभाव्यता पानात नसते, आपल्याला जे माहीत आहे त्यात असते. जावेला हे पटायला दोनदा कॅट पिसावा लागला.

आता किंमत. तीस टाकल्यावर मध्ये एकूण साठ अधिक तीस अधिक तीस, म्हणजे १२० होतात. त्यातले त्याचे तीस, म्हणजे पाव हिस्सा. तेव्हा निदान २५ टक्के वेळा जिंकलं तर हिशेब बरोबरीत सुटतो. त्याच्याकडे १९.६ होते. हाच प्रसंग ४६ वेळा, दर वेळी वेगळं शेवटचं पान देऊन, मांडून बघा: नऊ वेळा नव्वद मिळतात, म्हणजे ८१०; सदतीस वेळा तीस जातात, म्हणजे १११०. तीनशेचा खड्डा. दर खेपेला साडेसहा चिंचोके तोटा.

आधीच्या टप्प्यांत त्याने टाकलेले चिंचोके यात वेगळे धरायचे नाहीत. एकदा मध्ये गेले की ते कोणाचेच नाहीत. "एवढे घातलेत, आता कसं सोडू" हे वाक्य अर्ध्या बांधून पडलेल्या घरांबाबतही ऐकू येतं, आणि दोन्हीकडे महागच पडतं.

हा पाव हिस्सा मला फार आवडतो, कारण संभाव्यतेचं शास्त्र जवळपास तिथूनच सुरू झालं. १६५४ साली पॅरिसचा पास्कल आणि तुलूझचा फर्मा हे दोन गणिती एका जुन्या कोड्यावर एकमेकांना पत्रं लिहीत होते. दोघे खेळतात, प्रत्येकी ३२ नाणी लावलेली, आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ अर्धवट थांबला. वाटणी कशी करायची? त्याआधीचे बरेच लोक झालेल्या डावांकडे बघून वाटत. या दोघांनी पुढे काय काय होऊ शकतं ते मोजलं. मागे पडलेल्याला लागोपाठ दोन डाव जिंकायला हवेत, म्हणजे निम्म्याचं निम्मं. म्हणून त्याला १६ आणि दुसऱ्याला ४८. न घडलेल्या भविष्याला आजची किंमत लावता येते, ही कल्पना त्या पत्रांत आहे. ड्रॉ घेऊन बसलेला खेळाडू त्या मागे पडलेल्याच्याच जागी असतो. एवढंच की त्याला आत राहण्यासाठी वर पैसे मागितले जातात.

अर्थात भाचा म्हणू शकला असता की फ्लश झाल्यावर मी शेवटच्या टप्प्यालाही तुझ्याकडून काही काढीन. खरं आहे, हिशेबात ते येतं. खड्डा तीनशेचा, जिंकायच्या खेपा नऊ, म्हणजे दर वेळी आणखी निदान ३४ चिंचोके माझ्याकडून निघायला हवेत. पण मध्ये तिसरा बदाम पडलेला दिसत असताना मी इतके देईन का? मी तरी नाही.

फ्लॉपवर त्याने आणखी एक गफलत केली होती. तेव्हा दोन पानं यायची होती, म्हणून नवाला चाराने गुणून तो "छत्तीस टक्के" म्हणाला. आकडा बरोबरच, नेमका ३५ टक्के. पण ती दोन पानांची शक्यता आहे आणि त्याने किंमत मोजली होती एकाच पानाची. दुसऱ्यासाठी मी पुन्हा तीस मागितलेच. सगळे चिंचोके आधीच आत गेले असते, तर पस्तीस धरणं चाललं असतं.

शिवाय नऊ आउट्स खरोखर नऊच असतात असंही नाही. समजा माझ्या हातात दोन दश्श्या असत्या. मग बदाम पंजी आली की त्याचा फ्लश होतो, पण माझ्या तीन दश्श्या आणि दोन पंज्या होतात, आणि हे फुल हाउस फ्लशच्या वर. बदाम दश्शीही त्याच्या कामाची नाही: ती माझ्याकडे असेल, नाहीतर मध्ये येऊन माझ्या चार दश्श्या करील. उरतात सात, ४४ मध्ये. सोळा टक्केसुद्धा नाहीत.

तर शेवटचं पान आलं बदाम राणी. भाच्याने उडी मारली. मी म्हटलं, जिंकलास तरी हात चुकीचा खेळलास. पाच वेळा असाच खेळलास तर पाचही वेळा रिकाम्या हाताने उठायची शक्यता एक तृतीयांश आहे. तो चिंचोके ओढण्यात गुंग होता. जाऊ म्हणाली, "ताई, तुमची पानं तरी दाखवा."

माझ्याकडे इस्पिक राजा आणि चौकट राणी होती. चौथ्या पानापर्यंत राजाची नुसती जोडी. म्हणजे शेवटी एक्का आला असता तरी त्याची एक्क्यांची जोडी माझ्यावर भारी पडली असती. नऊ बदाम आणि तीन एक्के, बारा आउट्स, न दिसलेली पानं ४४: २७ टक्क्यांहून जास्त. त्याने एक्के मोजलेच नव्हते, पण पंचवीस टक्क्यांच्या भावात त्याला ते पान स्वस्तच मिळालं होतं. छत्तीस लावले असते तर आम्ही बरोबरीत, त्याहून जास्त लावले असते तर महाग पडलं असतं. मी लावले तीस.